बीपी वाढलंय, आता खायचं काय? पथ्याची पहिलीच वेळ असणाऱ्यांसाठी

तपासणीत बीपी जास्त निघतं, डॉक्टर गोळी लिहून देतात आणि उठता उठता सांगतात, "मीठ कमी करा, जरा जपून खा." कमी म्हणजे किती, जपून म्हणजे काय, हे विचारायचं राहून जातं. मग सल्ल्यांची रांग लागते. कुणी लसूण चघळायला सांगतं, कुणी पांढरं मीठ टाकून गुलाबी आणायला, कुणी गोळ्यांची सवय लागते म्हणून घाबरवतं. मी या सगळ्यातून गेलो आहे. त्यात सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो क्रमाचा. लोक मोजायच्या आधीच बदलायला लागतात आणि एकदम दहा गोष्टी बदलतात. मग नेमका फरक कशाने पडला ते कुणालाच सांगता येत नाही. शिवाय सगळं लक्ष काय सोडायचं याकडे असतं. ताटात काय वाढवायचं हा प्रश्न तेवढाच मोठा आहे, पण तो फारसा कुणी विचारत नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. इथलं काहीही गोळीच्या ऐवजी करायचं नाही. आहार सुधारला की काही जणांची गोळी कमी होते, काहींची बंदही होते, पण तो निर्णय आकडे बघून डॉक्टरांनी घ्यायचा असतो.

सुरू करण्याआधी एवढं जमवा:

- दंडाला पट्टा बांधून मोजणारं बीपीचं डिजिटल यंत्र. मनगटावरची यंत्रं हात थोडा वरखाली झाला तरी चुकीचा आकडा देतात.
- एक वही. फोनमधलं ॲपही चालेल, पण वही डॉक्टरांसमोर पटकन उघडता येते.
- ग्रॅममध्ये वजन दाखवणारा स्वयंपाकघरातला छोटा काटा.
- रक्ताचे ताजे रिपोर्ट: क्रिएटिनिन (मूत्रपिंडं कशी चालतात ते यावरून कळतं), सोडियम, पोटॅशियम, साखर आणि कोलेस्टेरॉलची संपूर्ण तपासणी. यातले पोटॅशियम आणि क्रिएटिनिनचे आकडे सहाव्या पायरीला लागणार आहेत, ते हाताशी नसतील तर ती पायरी सोडून द्या.
- घेत असलेल्या सगळ्या औषधांची यादी. त्यात डोकेदुखी, सर्दी, ॲसिडिटीसाठी मनाने घेतलेल्या गोळ्याही लिहा.

१. आधी नीट मोजायला शिका

जिना चढून आल्याबरोबर, बोलता बोलता, हात लोंबकळत ठेवून घेतलेला आकडा लिहूच नका. मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी, सिगारेट, व्यायाम नको. लघवी तुंबलेली असतानाही बीपी वर दाखवतं, म्हणून आधी जाऊन या. खुर्चीत पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसा. पाय जमिनीवर सपाट, मांडीवर मांडी नको. हात टेबलावर असा ठेवा की पट्टा हृदयाच्या पातळीत येईल. पट्टा उघड्या दंडावर बांधायचा, बाहीवरून नाही. आणि मोजताना गप्प बसायचं. हे घरच्यांनाही सांगून ठेवावं लागतं.

पट्ट्याचं माप हा सापळा बहुतेकांना माहीतच नसतो. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की बीपी खोटंच जास्त दिसतं. यंत्र घेताना दंडाचा घेर मोजून न्या आणि पट्ट्यावर छापलेल्या मापाशी ताडून बघा.

आहारात काहीही बदलायच्या आधी एक आठवडा सकाळी आणि संध्याकाळी, दर वेळी एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. पहिला दिवस सोडून द्या, कारण नवीन यंत्राच्या धास्तीने आकडे चढतात. बाकीच्यांची सरासरी काढा. तुमची सुरुवात इथून धरायची. बीपी जास्त म्हणायची रेषा दवाखान्यात मोजताना १४०/९० (१४० हा वरचा आकडा, ९० खालचा) अशी बऱ्याच देशांत धरतात, तर घरी मोजताना १३५/८५. अमेरिकेतल्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनी ती रेषा १३०/८० वर आणली. म्हणून दोन डॉक्टर दोन वेगळे आकडे सांगतात तेव्हा त्यांतला एक चुकतोय असं नसतं. तुमच्यासाठी कुठला आकडा धरायचा ते तुमच्या डॉक्टरांना विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

२. मीठ शरीरात काय करतं, एवढं तरी समजून घ्या

मिठातलं सोडियम पाणी धरून ठेवतं. सोडियम जास्त झालं की रक्ताचं आकारमान वाढतं आणि तेवढ्याच नळ्यांतून जास्त द्रव ढकलावा लागतो. जादा सोडियम बाहेर टाकायचं काम मूत्रपिंडांचं. त्यांची ती क्षमता वयाने, आजाराने किंवा जन्मतःच कमी असेल तर सोडियम बाहेर पडण्यासाठी बीपीच वर चढून बसतं. म्हणूनच तेवढंच मीठ खाऊन एकाचं बीपी हलत नाही आणि दुसऱ्याचं चांगलंच चढतं. वय झालेले लोक आणि मूत्रपिंडाचा आजार असलेले लोक मिठाला जास्त संवेदनशील असतात.

पोटॅशियम याच्या उलट दिशेने काम करतं. ते मूत्रपिंडांना सोडियम सोडून द्यायला लावतं आणि रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल व्हायला मदत करतं. आजच्या बहुतेक ताटांत सोडियम भरपूर आणि पोटॅशियम तुटपुंजं असतं, त्यामुळे फक्त मिठाशी भांडत बसलं की निम्मंच काम होतं.

३. मीठ कुठून येतंय ते शोधून काढा

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्या माणसासाठी दिवसाला ५ ग्रॅम मीठ, म्हणजे २००० मिलिग्रॅम सोडियम. चहाच्या एका सपाट चमच्यात मावतं त्याहून हे थोडं कमीच. जगातलं सरासरी प्रमाण याच्या दुपटीहून जास्त आहे, म्हणजे आपण एकटेच गुन्हेगार नाही.

यात ५ ग्रॅम म्हणजे दिवसभरातलं सगळं मीठ. घरच्या डब्यातलं, पाकिटातलं, हॉटेलातलं, सगळं. लोक भाजीतलं मीठ निम्मं करतात आणि ब्रेड, चीज, सॉस, सूपची पाकिटं, झटपट शिजणारे नूडल्स, खारवलेलं मांस, मुरवलेल्या भाज्या, चिप्स आणि बिस्किटं तशीच चालू ठेवतात. ब्रेड खारट लागत नाही, म्हणून त्याच्यावर संशय येत नाही. पण तो रोज आणि दोनतीनदा खाल्ला जातो, त्यामुळे अनेक देशांत आहारातल्या मिठाचा मोठा वाटा ब्रेडकडूनच येतो. गोड बिस्किटं आणि केकमध्येही सोडियम असतं, कारण फुगवायला सोडा लागतो. खाण्याच्या सोड्याच्या एका चहाच्या चमच्यात १२०० मिलिग्रॅमहून जास्त सोडियम असतं. पोट जड वाटलं की सोडा पाण्यात घालून पिणाऱ्यांनी हा आकडा पुन्हा एकदा वाचावा.

आता पाकिटावरचा तक्ता. काही देशांत त्यावर "सोडियम" लिहितात, काही देशांत "मीठ". सोडियमला २.५ ने गुणलं की मीठ मिळतं. १०० ग्रॅममागे ८०० मिलिग्रॅम सोडियम लिहिलंय, म्हणजे २ ग्रॅम मीठ, तुमच्या दिवसाच्या वाट्याचं ४० टक्के. माझा साधा नियम असा: १०० ग्रॅममागे १२० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी सोडियम असेल तर बिनधास्त घ्यायचं, ६०० च्या वर असेल तर पाकीट परत फळीवर. मधल्या पट्ट्यातलं काय करायचं ते आपण किती खाणार यावर.

तक्त्यात दोन सापळे हमखास असतात. पहिला म्हणजे "एका वाढपामागे" दिलेला आकडा. ३० ग्रॅममागे २५० मिलिग्रॅम सोडियम वाचून बरं वाटतं, पण पाकीट १२० ग्रॅमचं असतं आणि ते एका बैठकीत संपतं. झाले १००० मिलिग्रॅम. म्हणून तुलना करताना नेहमी १०० ग्रॅमचा रकाना बघा. दुसरा म्हणजे "कमी मीठ" असं मोठ्या अक्षरात छापलेलं असणं. त्याचा अर्थ अनेकदा त्याच कंपनीच्या नेहमीच्या मालापेक्षा कमी, एवढाच असतो. सोया सॉससारख्या वस्तूत मुळातच इतकं मीठ असतं की ते कमी करूनही पुष्कळ उरतं.

घटकांच्या यादीत मोनोसोडियम ग्लुटामेट, सोडियम बेन्झोएट, सोडियम नायट्राइट अशी नावं दिसली तर तेही सोडियमच. पण यांच्या मागे फार लागू नका. एकूण आकड्यात ते धरलेलं असतं, तो आकडा बघितला की पुरे.

तीन दिवस जे खाल ते सगळं वहीत लिहा. त्यातला एक दिवस सुट्टीचा घ्या, कारण सुट्टीच्या दिवशी आपण वेगळीच माणसं असतो. तिसऱ्या दिवशी यादी वाचली की मिठाची दोनतीन मोठी भोकं आपोआप दिसतात. ती बुजवायची. बाकी चिमूटभर इकडेतिकडे झालं तर त्याचा त्रास करून घेऊ नका.

४. घरातलं मीठ हळूहळू उतरवा

स्वयंपाकात किती मीठ जातं हे अंदाजाने कधीच कळत नाही. आठवड्याच्या सुरुवातीला एका वेगळ्या बरणीत मीठ तोलून भरा आणि आठवडाभर फक्त त्यातूनच घ्या. शेवटी उरलेलं तोला. चार मोठ्या माणसांच्या घरात प्रत्येकी ३ ग्रॅमचं लक्ष्य ठेवलं तर आठवड्याला ८४ ग्रॅम होतात. ५ ऐवजी ३ अशासाठी की उरलेलं बाहेरच्या खाण्यातून येणारच आहे. मुलांसाठी हा हिशोब आणखी कमी धरायचा.

पहिल्या आठवड्यात फक्त मोजा. मग दर आठवड्याला थोडं थोडं उतरवा. एका रात्रीत सगळं आळणी केलं तर घरात बंड होतं आणि मीठदाणी पुन्हा टेबलावर येते. जिभेला सवय व्हायला काही आठवडे लागतात, मग पूर्वीचंच अन्न खारट लागायला लागतं. हे ऐकताना खरं वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं.

चव सांभाळायला काही गोष्टी खरोखर उपयोगी पडतात. मीठ शिजताना न घालता शेवटी वरून घातलं की कमी मिठातही खारटपणा जाणवतो. लिंबू किंवा व्हिनेगरचा आंबटपणा मिठाची उणीव बरीच झाकतो. मिरी, लसूण, आलं, भाजलेले मसाले, ताजी हिरवी पानं सढळ हाताने वापरा. तयार मसाल्याच्या पाकिटात मात्र मीठ आधीच मिसळलेलं असू शकतं, मागची बाजू वाचा. भात किंवा पास्ता शिजवायच्या पाण्यात मीठ घालायची गरज नसते. विकत मिळणारी डबाबंद कडधान्यं आणि भाज्या चाळणीत ओतून वाहत्या पाण्याखाली धुतल्या की त्यांचं बरंच मीठ निघून जातं. आणि मीठदाणी टेबलावरून उचला. वरून मीठ घ्यायला उठून जावं लागलं की निम्म्या वेळा माणूस उठत नाही.

आता गुलाबी मीठ, सैंधव, समुद्री मीठ, खडे मीठ. हे सगळं जवळजवळ पूर्णपणे सोडियम क्लोराइडच. त्यातल्या खनिजांचं प्रमाण इतकं नगण्य असतं की त्याने काही साधत नाही. उलट त्यात आयोडीन घातलेलं नसलं तर थायरॉईडची वेगळीच काळजी. रंगावर पैसे घालवू नका.

५. ताटात काय वाढवायचं

अमेरिकेत १९९७ साली डॅश नावाच्या चाचणीचे निकाल प्रसिद्ध झाले. ४५९ माणसांना आठ आठवडे तयार जेवण दिलं गेलं. एका गटाला तिथलं नेहमीचं जेवण, दुसऱ्याला तेच पण फळं-भाज्या वाढवून, तिसऱ्याला फळं-भाज्यांबरोबर कमी स्निग्धांशाचं दूध-दही, अख्खी धान्यं आणि सुकामेवा, आणि लोणी-चरबी कमी. मीठ सगळ्यांना सारखंच होतं, वजनही मुद्दाम स्थिर ठेवलं होतं. तरी तिसऱ्या गटाचा वरचा आकडा पहिल्या गटाच्या तुलनेत सरासरी ५.५ ने उतरला. ज्यांना मुळात बीपी होतं, त्यांचा तर ११.४ ने. एखाद्या गोळीने पडावा एवढा हा फरक आहे, आणि तो दोन आठवड्यांतच दिसायला लागला होता.

पुढे २००१ मध्ये त्याच आहाराबरोबर मीठही कमी करून बघितलं, तेव्हा बीपी आणखी उतरलं. म्हणजे दोन्ही हातांनी काम करायचं. मीठ उतरवायचं आणि ताट बदलायचं.

२००० कॅलरीच्या दिवसासाठी डॅशचा साचा साधारण असा:

- भाज्या ४ ते ५ वाटे. एक वाटा म्हणजे अर्धा कप शिजवलेली भाजी किंवा एक कप कच्ची पालेभाजी.
- फळं ४ ते ५ वाटे. एक मध्यम फळ म्हणजे एक वाटा.
- धान्य ६ ते ८ वाटे, त्यातली बरीचशी अख्खी, कोंड्यासकट. अर्धा कप शिजवलेला भात किंवा ब्रेडचा एक तुकडा हा एक वाटा.
- कमी स्निग्धांशाचं दूध किंवा दही २ ते ३ कप.
- सुकामेवा, बिया, डाळी आणि कडधान्यं आठवड्यात ४ ते ५ वेळा. मांसाहार न करणाऱ्यांनी हे रोज घ्यावं.
- मांस, कोंबडी, मासे खाणाऱ्यांसाठी दिवसाला फार तर १७० ग्रॅम.

हे वाचून घाबरायला होतं. एका दिवसात इतकी फळं-भाज्या खाणारे मी तरी फार पाहिले नाहीत. म्हणून उलटीकडून सुरू करा. सध्या जे खाता त्यात दुपारच्या जेवणात एक वाटी भाजी जास्त आणि बिस्किटाच्या वेळेला एक फळ, एवढंच दोन आठवडे. ते अंगवळणी पडलं की पुढचं. फायबर एकदम वाढवलं तर पोट फुगतं, गॅस होतो आणि माणूस आहारालाच दोष देऊन सोडून देतो. पाणीही त्या प्रमाणात वाढवावं लागतं (हृदय कमजोर असल्यामुळे ज्यांच्या पाण्यावर मर्यादा आहे त्यांनी मात्र नाही).

पोटॅशियमसाठी सगळे केळ्याकडे धावतात. मध्यम केळ्यात ४०० मिलिग्रॅमच्या आसपास मिळतं, हे चांगलंच आहे. पण सालासकट भाजलेल्या मध्यम बटाट्यात त्याच्या दुपटीच्या आसपास असतं. राजमा, पालक, टोमॅटो, रताळं, दही हेही तितकेच कामाचे. दिवसाचं लक्ष्य ३५०० मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे एकट्या केळ्यावर भागणार नाही. भाज्या भरपूर पाण्यात उकळून पाणी ओतून दिलं तर पोटॅशियम त्या पाण्याबरोबर जातं. कमी पाण्यात किंवा वाफेवर शिजवा.

फळांच्या रसाला फळ धरू नका. फायबर गेलेलं असतं, साखर उरते आणि तीन संत्री एका घोटात संपतात.

बीटच्या रसाबद्दल मात्र तथ्य आहे. बीटमध्ये आणि पालेभाज्यांत नायट्रेट असतं. जिभेवरचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, पुढे त्यातून नायट्रिक ऑक्साइड तयार होतो आणि रक्तवाहिन्या सैलावतात. परिणाम काही तासांचा असतो. आवडत असेल तर घ्या, पण तेवढ्यावर विसंबू नका. जंतुनाशक माउथवॉशने ते जिवाणूच मारले तर हा परिणाम कमी होतो, ही एक गंमत.

६. पोटॅशियमवालं मीठ घेण्याआधी रिपोर्ट बघा

बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं. त्यात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. चीनमधल्या ६०० खेड्यांत जवळपास २१ हजार लोकांवर झालेल्या चाचणीत, जिचे निकाल २०२१ मध्ये आले, ७५ टक्के सोडियम आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आढळलं. घरात स्वयंपाक होत असेल तर यासारखा सोपा बदल नाही.

पण एक अट आहे आणि ती मोडायची नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर पोटॅशियम बाहेर पडत नाही, रक्तात साठतं आणि हृदयाची लय बिघडवतं. त्यातून जीवही जाऊ शकतो. बीपीच्या काही गोळ्याही पोटॅशियम वाढवतात. ज्यांच्या नावाच्या शेवटी "प्रिल" किंवा "सार्टन" येतं त्या, आणि स्पायरोनोलॅक्टोन. यांतली एखादी चालू असेल किंवा क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मीठ घरात आणू नका. अशा वेळी पाचव्या पायरीतली पोटॅशियमने भरलेली यादीही त्यांना दाखवूनच वापरा. घरात एकालाच बीपी असतं, पण मिठाची बरणी सगळ्यांची असते. वयस्कर माणसांची मूत्रपिंडं कशी आहेत तेही बघून घ्या.

७. स्निग्ध पदार्थ: बीपीपेक्षा हृदयासाठी

बीपी नळीतल्या दाबाचा प्रश्न आहे. नळीच्या भिंतीत काय साठतं तो प्रश्न वेगळा, आणि त्याचा संबंध मुख्यतः एलडीएल, म्हणजे वाईट समजल्या जाणाऱ्या कोलेस्टेरॉलशी. दोन्ही एकत्र आले की धोका खूप वाढतो. म्हणून बीपी आटोक्यात आल्यावर हा भाग टाळू नका.

एलडीएल वाढवणारे मुख्य दोघे: संपृक्त स्निग्धांश आणि ट्रान्स फॅट. संपृक्त स्निग्धांश लोणी, मलई, चीज, चरबीचं मांस, पामतेल आणि खोबरेल तेलात जास्त असतात. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की रोजच्या एकूण कॅलरीच्या १० टक्क्यांहून कमी त्यांच्याकडून याव्यात. ते नुसते कमी करून त्या जागी मैदा आणि साखर भरली तर फायदा होत नाही. त्या जागी सूर्यफूल, सोयाबीन, मोहरी, ऑलिव्ह यांसारखी तेलं, सुकामेवा आणि मासे यायला हवेत. तेल आरोग्याला चांगलं असलं तरी कॅलरी तेवढ्याच असतात, हात सैल सोडू नका.

ट्रान्स फॅट अंशतः हायड्रोजनीकृत, म्हणजे हायड्रोजन वापरून अर्धवट घट्ट केलेल्या तेलातून येतं. ते एलडीएल वाढवतं आणि चांगलं समजलं जाणारं एचडीएल कमी करतं, म्हणजे दोन्हीकडून तोटा. डेन्मार्कने २००३ मध्येच त्यावर कायद्याने मर्यादा घातली, नंतर अनेक देश त्या वाटेने गेले. तरी पाकिटावर "ट्रान्स फॅट शून्य" दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका. काही देशांत एका वाढपामागे अर्ध्या ग्रॅमहून कमी असेल तर शून्य लिहायची मुभा आहे. घटकांत "अंशतः हायड्रोजनीकृत" हे शब्द शोधा.

एलडीएल उतरवायला विरघळणारं फायबर मदत करतं. ओट्स आणि बार्लीतलं बीटा-ग्लुकन दिवसाला ३ ग्रॅम पोटात गेलं तर त्याचा परिणाम रिपोर्टमध्ये दिसण्याइतका असतो. रोज मूठभर, साधारण ३० ग्रॅम, बिनमिठाचा सुकामेवा घ्या. "बिनमिठाचा" हा शब्द सोडून देऊ नका. मासे खात असाल तर आठवड्यातून दोनदा, तळून नव्हे. ओमेगा-३ च्या कॅप्सूल माशांची जागा घेत नाहीत. मोठ्या मात्रेत त्यांनी हृदयाची लय अनियमित होण्याचा धोका वाढतो असं चाचण्यांत दिसलं आहे, त्यामुळे मनाने सुरू करू नका.

८. वजन, दारू, कॉफी

जादा वजन असेल तर कमी केलेल्या प्रत्येक किलोमागे वरचा आकडा साधारण १ ने उतरतो. पाच किलोने दिसण्यात फरक पडणार नाही, वहीत पडेल.

दारू बीपी वाढवते. किती घेतली तर चालते यावर चर्चा करत बसण्यापेक्षा कमी करा, नाहीतर बंद करा. हृदयाला चांगली म्हणून नव्याने सुरू तर मुळीच करू नका.

कॉफीने बीपी थोडा वेळ चढतं, रोज पिणाऱ्यांचं कमी चढतं. एक-दोन कपांवर सहसा बंदी लागत नाही. पण मोजण्याच्या आधी नको.

९. अन्न आणि औषधं एकमेकांत अडकतात ती ठिकाणं

ग्रेपफ्रूट (संत्र्याच्या जातीचं एक फळ) बीपीच्या काही कॅल्शियम-रोधक गोळ्यांचं (उदाहरणार्थ फेलोडिपिन) आणि सिम्वास्टॅटिन, ॲटोर्वास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण वाढवतं. या चालू असतील तर ते फळ आणि त्याचा रस टाळा.

ज्येष्ठमध खोकल्यासाठी घरगुती म्हणून सर्रास घेतात. त्यातल्या ग्लिसिरायझिनमुळे शरीर सोडियम धरून ठेवतं, पोटॅशियम घालवतं आणि बीपी चढतं. एखाद्या वेळी ठीक, रोज काढा नको.

रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन घेत असाल तर पालेभाज्या बंद करायच्या नसतात, पण प्रमाण रोज सारखं ठेवावं लागतं. त्यातल्या व्हिटॅमिन के मुळे गोळीचा परिणाम बदलतो. एकदम वाढवायच्या असतील तर आधी सांगा.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या बीपी वाढवतात आणि बीपीच्या गोळ्यांचा परिणाम बोथट करतात. नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्याही तशाच. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांत सोडियम असतं, एकेका गोळीत ४०० मिलिग्रॅमच्या आसपासही असू शकतं. मीठ काटेकोर ठेवूनही आकडे हलत नसतील तर औषधांचा डबा उघडून बघा. बऱ्याचदा उत्तर तिथे असतं.

१०. डॉक्टरांकडे काय घेऊन जायचं, आणि कधी थांबायचं नाही

चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा आठवडाभर पहिल्या पायरीसारखं मोजा आणि सरासरी काढा. सुटा एखादा आकडा बघून आनंद किंवा दुःख करू नका, बीपी दिवसभरात वरखाली होतच असतं. दोन्ही सरासऱ्या, काय बदललं त्याची दोन ओळींत नोंद, औषधांची यादी आणि शक्य असेल तर तुमचं यंत्रही सोबत न्या. दवाखान्यातल्या यंत्राशी ते एकदा ताडून बघता येतं. कोलेस्टेरॉलची पुन्हा तपासणी कधी करायची तेही विचारून ठेवा, आहाराचा परिणाम त्यावर दिसायला काही आठवडे जावे लागतात. खूप प्रयत्न करूनही आकडा तसाच असेल तर २४ तासांच्या लघवीतलं सोडियम मोजायची तपासणी असते, खरोखर किती मीठ पोटात जातंय याचा अंदाज त्यातून येतो.

गोळी आणि आहार दोन्ही नीट लागू पडले की कधी कधी बीपी गरजेपेक्षा खाली जातं. उठून उभं राहताना अंधारी येत असेल, चक्कर येत असेल तर बसून मोजा, मग उभं राहून मोजा, दोन्ही लिहा आणि डॉक्टरांना फोन करा. जुलाब-उलट्या होत असतील, कडक उन्हात खूप घाम गेला असेल आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तेव्हाही फोन करा. मनाने गोळी बंद करू नका आणि मनाने मिठाचं पाणीही पिऊ नका.

१८०/१२० किंवा त्याच्या वर आकडा दिसला तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. तेवढाच राहिला आणि दुसरा काही त्रास नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. पण छातीत दुखणं, दम लागणं, चेहऱ्याची एक बाजू किंवा एक हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं, अचानक न दिसणं किंवा असह्य डोकेदुखी यातलं काहीही असेल तर दुसऱ्यांदा मोजत बसू नका. आकडा कितीही असो, रुग्णवाहिका बोलवा आणि स्वतः गाडी चालवत जाऊ नका.